आपली गोष्ट पान सत्त्याऐंशीवर आहे

उपसंपादक नेमकं काय काम करते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. "आमची सून पेपरात आहे, पण पेपरात तिचं नाव कधीच नसतं," असं त्या शेजारणींना सांगायच्या, आणि त्यात त्यांना माझीच काहीतरी कसूर दिसायची. सोलापुरातल्या एका दैनिकात मी एकतीस वर्षं काढली. बायकांचं पान माझ्याकडे होतं, रविवारची पुरवणी अर्धी माझ्याकडे होती, आणि दिवाळी अंकाचा कथाविभाग तर सगळाच माझ्या डोक्यावर होता.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी अंक दिवाळीत निघतो, पण त्याची धावपळ उन्हाळ्यातच सुरू होते. मे महिन्यात लेखकांना पत्रं जातात आणि जूनपासून टपालाचा गठ्ठा टेबलावर चढायला लागतो. कथा वाचून तीन ढीग करायचे: घ्यायच्या, साभार परत करायच्या आणि 'बघू'. 'बघू'चा ढीग कायम सगळ्यांत उंच. घेतलेल्या कथेवर मग हात फिरवायचा. त्याला आम्ही 'संस्कार करणं' म्हणायचो. शुद्धलेखन सुधारायचं, लांबलेलं छाटायचं, अडखळणारं वाक्य सरळ करायचं. शेवटच्या आठवड्यात एखाद्या चादरवाल्याची अर्ध्या पानाची जाहिरात ऐनवेळी यायची आणि कुणाची तरी कथा अर्धं पान आधीच संपायची. लेखकांना वाटायचं, संपादकांनी विचारपूर्वक शेवट आटोपशीर केला. दोघांनी तर त्याबद्दल आभाराची पत्रं पाठवली होती.

गिऱ्हाइकंही एकेक नग होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ कथा फायलीत लावून पाठवायचे, वर अनुक्रमणिका आणि शेवटी नायकाच्या गावाचा नकाशा. नकाशात कालवा हमखास असायचा, कथेत नसला तरी. करकंबचे एक कवी दरवर्षी गुळाची ढेप घेऊन स्वतः यायचे आणि मी कविता वाचेपर्यंत समोर बसून राहायचे. "छान आहे," म्हटलं की लगेच विचारायचे, "कोणती ओळ?" त्यामुळे मला कविता खरोखर वाचायची सवय लागली. आणखी एक सद्गृहस्थ नायिकेचं नाव बदलून तीच कथा आठ वर्षं पाठवत राहिले. नवव्या वर्षी मी ती घेतली, कारण तोवर माझा तिच्यावर जीव जडला होता. पुढच्या वर्षी ते ऑफिसात आले आणि हवालदिल होऊन म्हणाले, "बाई, आता मी काय पाठवू?"

आमचा अंक लक्ष्मीपूजनानंतर एकदाही निघाला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. असल्या गमती मी तासभर सांगू शकते आणि निवृत्त झाल्यापासून जुळे सोलापूर या वस्तीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये सांगतच आले आहे. पण एक गोष्ट मी कुणाला सांगत नव्हते. ती सांगायलाच आज बसले आहे, आणि वरच्या गमती ती लांबवण्यासाठी सांगत होते, हे लिहितालिहिता माझ्या लक्षात आलं.

मी नोकरीला लागले तेव्हा संपादकांनी मला बायकांचं पान देताना सांगितलं होतं, "काही अवघड नाही. दोन पाककृती, एक मेंदीचं डिझाइन आणि चार विनोद." ते चार विनोद मी दोन वर्षं निवडले. बायको आमटी करपवते, बायको साड्या घेते, बायको बोलतच सुटते आणि नवरा कानात कापूस घालतो. दर आठवड्याला चार. शेवटी एकदा मी भांडले, रडले, राजीनामा टेबलावर ठेवला आणि ते विनोद बंद पाडले. ऑफिसात सगळे मला वचकायला लागले. त्यानंतर माझ्या पानावर कुणी हसायचं नाही असा जणू नियमच झाला. बायकांनी लिहिलेलं लोकांनी गंभीरपणे वाचावं यासाठी माझी धडपड होती, आणि गंभीर म्हणजे दुःखी, हे समीकरण मी कुणी न शिकवता स्वतःच मांडलं.

अशात एका वर्षी 'राजाचं जेवण' नावाची कथा टपालाने आली. अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या कागदांवर, गोल गोल अक्षरांत. खाली नाव होतं सौ. शालन मेटकरी, अंगणवाडी सेविका, आणि मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावाचा पत्ता.

कथा अशी होती. मेंढरं पाळणारं घर. नवी सून येऊन वर्ष झालेलं, पण घरात तिला नावाने कुणी हाक मारत नाही. "आगं" म्हटलं की तिनं यायचं. दावणीच्या एडक्याला मात्र नाव आहे, राजा. रोज संध्याकाळी सासरा ओट्यावर बसून हाक मारतो, "राजा, ये रं, जेवून घे," आणि त्याला हाताने गूळभाकरी चारतो. त्यानंतर पुरुष जेवतात, मग पोरं, मग सासू, आणि काही उरलं तर सून. एका संध्याकाळी सासऱ्याने रोजच्यासारखी हाक मारली. सून पदर सावरत आली, सासऱ्यापुढे मांडी घालून बसली आणि गूळभाकरी खायला लागली. सासू धावत आली, "तुला गं कुनी बोलावलं?" सून म्हणाली, "मामांनी हाक मारली की. हाक मारल्यावर आलं न्हाय तर लोक म्हनत्यात, सुनेला वळण न्हाय."

दुसऱ्या दिवशी सासऱ्याने सावध होऊन एडक्याला "आगं, ये" म्हणून बोलावलं. एडका जागचा हलला नाही, उलट पाठ करून उभा राहिला. आली ती सूनच. तिसऱ्या दिवशी सासऱ्याने ठरवलं, हिला हिच्याच नावाने सांगावं की तू घरात बस. पण नाव काय? सासूला आठवेना. मुलाला विचारलं तर तो डोकं खाजवायला लागला, तोही "आगं"च म्हणायचा. मग पितळी डब्यातून लग्नपत्रिका काढली. सासऱ्याने ती हात लांब करून वाचली आणि मोठ्याने नावाची हाक दिली. शेवटचं वाक्य होतं, "एडक्यानं मान वर करून बघितलं, मग खाली घातली. त्याला कळलं, आता वाटणी झाली."

मी खो खो हसले. भर दुपारी, सगळं ऑफिस भरलेलं असताना. गुन्ह्यांच्या बातम्या बघणारे आमचे सहकारी मान वळवून म्हणाले, "काय हो, ते चार विनोद परत सुरू केले की काय?"

सगळे हसले. माझ्या कानशिलांवर रक्त चढलं. मी लाल पेन उघडलं.

मी काय काय केलं ते सांगते, कारण त्यातलं एकही अजून विसरलेले नाही. एडक्याचा सगळा प्रसंग उथळ म्हणून काढला. पत्रिका काढली. सुनेच्या तोंडची वाक्यं काढली, म्हणजे ती मुकी झाली. सासूला 'कठोर अंतःकरणाची' हे विशेषण दिलं. सून आता रोज उपाशी झोपू लागली, मूळ कथेत ती एकदाही उपाशी झोपली नव्हती. शीर्षक केलं 'चुलीपुढचे अश्रू'. आणि शेवट मी माझ्या हाताने लिहिला: "तिच्या डोळ्यांतून ओघळलेला थेंब भाकरीवर पडला आणि ती भाकरी जन्माची खारट झाली." या वाक्यावर मी तेव्हा खूश होते. चित्रकाराकडे मान खाली घातलेल्या बाईचं एक चित्र मागच्या वर्षीचं शिल्लकच होतं, ते बसवलं.

अंक गाजला. प्रकाशनाच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी ते खारट भाकरीचं वाक्य वाचून दाखवलं आणि समोरच्या रांगेतल्या दोघींनी डोळे पुसले. हृदयस्पर्शी, हृदयस्पर्शी म्हणून पत्रं आली.

त्यांच्यात एक पोस्टकार्ड शालन मेटकरींचं होतं. "मॅडमना नमस्कार. अंक पोचला. कागद लई चांगला आहे. माझी गोष्ट कंच्या पानावर आहे ते कळवावे."

मला वाटलं, बिचारी भोळी आहे, अनुक्रमणिका बघायची असते हे तिला ठाऊक नाही. मी ते कार्ड ऑफिसात सगळ्यांना कौतुकाने दाखवलं. मग उलट टपाली लिहिलं, "आपली गोष्ट पान सत्त्याऐंशीवर आहे. लिहीत राहा!" उद्गारचिन्हही दिलं.

त्यानंतर तिच्याकडून काही आलं नाही. पुढच्या वर्षी मी आवर्जून पत्र पाठवलं, त्यालाही उत्तर नाही. तेव्हा मी माझ्या पानावर एक टिपण लिहिलं, संसाराच्या रगाड्यात बायकांच्या लेखण्या कशा थांबतात यावर. तेही हृदयस्पर्शी झालं होतं.

यातलं काहीच मला बोचलं नसतं, जर गेल्या उन्हाळ्यात ऋता आली नसती. ऋता आमच्या खालच्या मजल्यावर राहते, कॉलेजात इंग्रजी शिकवते. एका छोट्या दिवाळी अंकासाठी मी अजूनही हौसेने कथा बघते, म्हणून तिने एक भाषांतर आणून दिलं. मेक्सिको देशातल्या एका आजच्या लेखिकेची कथा, इंग्रजीवरून मराठीत केलेली. ऋताच्या अभ्यासाचा विषयच तो आहे, तिकडच्या बायका हसत हसत कशा अडून बसतात हा.

त्या कथेतला नवरा बायकोला सांगतो, या घरातून माझ्या लेखी परवानगीशिवाय काहीही बाहेर जाणार नाही. बायको म्हणते, बरं. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्यापुढे अर्ज ठेवायला लागते. मांजराला गच्चीवर जायचं आहे, सही करा. कचरा बाहेर जायचा आहे, सही करा. मिरच्या भाजल्या आहेत, वास खिडकीतून बाहेर जाईल, तातडीची सही करा. नवरा जेवताना सह्या करतो, दाढी करताना सह्या करतो. शेवटी तो इतका वैतागतो की न वाचताच सही ठोकतो, आणि तो कागद तिच्या स्वतःच्या जाण्याचा असतो. ती पेटी उचलते आणि जाताना तो कागद दाराला नीट चिकटवून जाते.

मी पोट धरून हसले. ऋता मात्र जरा काळजीत होती. म्हणाली, "मावशी, शेवट थोडा गंभीर करू का? त्या बाईचं दुःख नीट पोचत नाही असं वाटतं."

"हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की ती दचकली. मग मी तिला समजावत म्हटलं, की हसणं हेच त्या बाईचं हत्यार आहे, ते काढून घेतलंस तर तिच्याजवळ राहील काय?

ऋता खुलली. म्हणाली, "तेच तर! आपल्याकडच्या बायका असं लिहीतच नाहीत हो. मी जुने अंक चाळले सगळे, तुमचेसुद्धा. सगळ्या कथा नुसत्या रडक्या."

मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले. ओट्याला धरून उभी राहिले. मला एकामागून एक आठवायला लागलं. विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका तेलुगू घरातल्या बाईची कथा, तिच्यातली नायिका मुकादमाचं सोंग इतकं हुबेहूब करायची की एकदा तोच येऊन मागे उभा राहिला तरी बाया हसतच राहिल्या. सोंग मी कापलं होतं, मुकादमाचा जाच ठेवला होता. एका नर्सबाईंची कथा होती, तीही तशीच छाटली होती. त्या बायका रडकं लिहीत नव्हत्या. त्या हसवून पाठवायच्या आणि मी रडवून छापायचे, वर्षानुवर्षं, त्यांच्याच भल्यासाठी. त्या दिवशी ओट्यापाशी मला जी शरम वाटली, ती त्याआधी कधी वाटली नव्हती. चहा उतू गेला.

दोन आठवडे मी चालढकल केली. मग एका सकाळी मंगळवेढ्याची एसटी धरली आणि पुढे वडापच्या जीपमध्ये बसून त्या गावात उतरले. इतक्या वर्षांनी बाई तिथे असेल की नाही, याचीही खात्री नव्हती. पण अंगणवाडी पहिल्याच भेटलेल्या माणसाने दाखवली. आत वीसेक पोरं गोल बसली होती आणि मधे एक बाई चारी हातापायांवर उभी राहून, मान वर करून, रुसलेल्या एडक्यासारखी बघत होती. पोरं हसून लोळत होती. मला बघून ती साडी झटकत उभी राहिली. केस पांढरे, अंग काटक, चष्म्याला दोरी.

"मी सोलापूरहून आले. पूर्वी दिवाळी अंकाचं..." मी सुरुवात केली.

"व्हय, वळखलं की," ती म्हणाली. "पान सत्त्याऐंशी."

पोरांची खिचडी झाल्यावर तिनं कुलूप लावलं आणि मला घरी नेलं. ओट्यावर पाणी दिलं. मी तोंड उघडलं की ती म्हणायची, "आदी जेवा." ताट आलं. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी. ताट एकच होतं.

"तुम्हीही घ्या ना, शालनताई."

"तुमचं हुं द्या."

ती माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली, हात मांडीवर, नजर माझ्या ताटावर. बोलेना, हसेना. मी घास घेतला की ती बघायची, थांबले की म्हणायची, "खावा की." कुणी असं समोर बसून बघत असलं की भाकरी घशाखाली उतरत नाही. मी अर्धी कशीबशी संपवली आणि पाण्याला हात लावला, तेव्हा ती म्हणाली, "अशी बसायची माजी सासू. रोज. अकरा वरसं."

मग तिनं सांगितलं. कथा पाठवण्याआधी तिनं ती घरात वाचून दाखवली होती, सासू, सासरा आणि नवरा असे तिघेही समोर बसलेले असताना. "आत्या हसून हसून भितीला टेकल्या. त्यो पितळी डबा हाय ना, त्यो त्यांचाच. म्हनल्या, पत्रिका पितळी डब्यात असती आमच्यात, तसं लिव. मामांनी तीन बारी वाचाय लावली. आन् दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी हाक मारली, शालन, च्या आन गं. लगीन हून सात वरसं झालती, मॅडम. पयल्यांदा. गोष्टीचं काम छापायच्या आदीच झालं हुतं. छापून नुसतं मिरवायचं हुतं."

मग अंक आला. गावातल्या गुरुजींनी तो किराणा दुकानाच्या पायरीवर बसून मोठ्याने वाचला. साखर घ्यायला आलेली सासू तिथेच उभी होती. गुरुजींनी वाचता वाचता चष्मा काढून डोळे पुसले, आणि दुकानात जमलेली माणसं सासूकडे वळून बघायला लागली.

"घरी आल्या. सांच्याला माज्यापुडं ताट ठिवलं. म्हनल्या, आदी तू जेव. लोक म्हनत्यात, मेटकऱ्यांची सून उपाशी हाय. आन् हितं बसल्या, मी ताट पुसून खाईपतूर. मगच त्या जेवायच्या. त्या दिसापासून रोज. दुकनं आलं तरी रोज. मरस्तवर."

"तुम्ही सांगितलं नाही, हे मी लिहिलेलं नाही म्हणून?"

"सांगितलं की. म्हनल्या, खाली नाव कुनाचं हाय? म्हनल्या, तोंडावर हसलीस आन् मागारी जाऊन रडलीस. हसलीस तवा आमीबी तुज्यासंगं हसलो. आता रडलीस, त्यात आमी कोन?"

मी विचारलं, मूळ कागद का नाही दाखवलात त्यांना? विचारताक्षणी मला उत्तर कळलं. आमच्या अंकात दरवर्षी एक सूचना असायची, लेखकांनी आपल्या साहित्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. तिनं ठेवली नव्हती. होते तेवढे कोरे कागद कथेलाच लागले होते.

"म्हनून तर कार्ड लिवलं," ती म्हणाली. "कागुद मागारी द्या म्हनायचं धाडस हुईना, तुमी मोटी मानसं. तवा म्हनलं हसत हसत इचारावं, माजी गोष्ट कुटं हाय? मॅडमनी गोष्ट वाचलीया, हसल्या असतील, मंग हीबी त्यास्नी कळंल. कागुद मागारी येईल. महिनाभर टपालवाल्याची वाट बघितली मी."

आणि मी तिला पान क्रमांक कळवला होता. ते कार्ड मी ऑफिसात दाखवत फिरत होते, तेव्हा तिचे ते गोल अक्षरांचे कागद माझ्याच खणात होते. अंक निघाल्यावर महिनाभराने सगळी हस्तलिखितं रद्दीत जायची. तीही गेली.

मी म्हटलं, "शालनताई, मी हसले होते."

ती पहिल्यांदाच पुढे झाली. "खरं?"

"ऑफिसात सगळे वळून बघतील इतकी हसले. म्हणूनच तर मी..." चार विनोदांचं, कान लाल झाल्याचं, सगळं तुटक तुटक सांगितलं. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिला एकच हवं होतं.

"कुटं हसलाव? कंच्या जागी?"

करकंबच्या कवींची मला आठवण झाली. बरं झालं त्यांनी मला नीट वाचायला शिकवलं. मी म्हटलं, "एडका मान खाली घालतो तिथं. आता वाटणी झाली."

"तितंच," ती म्हणाली. "तितंच हसायचं हाय. आत्याबी तितंच हसल्या." ती उठून आत गेली, स्वतःचं ताट वाढून घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसून जेवली.

मी तिला म्हटलं, ती गोष्ट पुन्हा लिहून द्या, एक अक्षर न बदलता छापून आणते. तिनं मान हलवली. "न्हाई. आत्या गेल्या, मामा गेलं. वाचून दावल्यावर हसणार कोन? आता पोरास्नी सांगती मी, हातवारे करून. त्यातलं कुनी कापत न्हाई." मग म्हणाली, "तुमी लिवा की. काय केलाव ती. पर छापायच्या आदी मला दावायचं."

म्हणून हा लेख लिहिला. गोष्ट वर दिली आहे ती माझ्या आठवणीतली आहे, तिच्या कागदांवरची नाही. ऋताचं भाषांतर तिने केलं तसंच छापायला गेलं आहे. महिन्यापूर्वी मी या लेखाची पानं घेऊन पुन्हा त्या गावी गेले. शालनताईंनी चष्म्याची दोरी मानेमागे सारली आणि हात पुढे केला. मला वाटलं, पानं मागते आहे. ती लाल पेन मागत होती.

पाटबंधारेवाल्यांच्या नकाशाला ती हसली. सासूच्या ताटाचं सगळं दोनदा वाचलं आणि तसंच राहू दिलं. शेवटच्या पानावर मात्र ती बराच वेळ थांबली. तिथे माझे दोन परिच्छेद होते. मी तिची आणि तिच्या सासूची माफी मागितली होती, त्या सगळ्या बायकांचीही, ज्यांना मी रडवून छापलं. जीव ओतून लिहिलं होतं. तिनं त्या दोन्हींवर पट्टी लावून आडवी रेघ मारली आणि समासात, त्याच गोल अक्षरांत, एक ओळ लिहिली. त्या ओळीला मी हात लावलेला नाही.

"हितं मॅडम लई रडल्यात. वाचनाऱ्यानं तवर जेवून घ्यावं."